पाच बोल्टांचं बिस्किट

सरांनी त्या दिवशी फक्त अंगण आवरायला घेतलं होतं. (जगातली निम्मी संकटं माणूस काहीतरी आवरायला घेतो तेव्हा सुरू होतात आणि उरलेली निम्मी तो काहीतरी दुरुस्त करायला घेतो तेव्हा. सरांनी एकाच आठवड्यात दोन्ही केलं.) शेडमध्ये भिंतीला टेकून दोन गंजलेल्या, वाकड्या रिम पडल्या होत्या. मेकॅनिकने गाडीची मागची चाकं काढली, टायर वेगळे करून ठेवले आणि रिमकडे बघून मान हलवली होती, "ह्या कामातून गेल्या." हे सरांच्या देखत झालं होतं. त्यामुळे दारात भंगारवाल्याची हाक ऐकू आली तेव्हा सरांनी फार विचार केला नाही. दोन्ही रिम उचलून त्याच्या हातगाडीवर ठेवल्या, हात झटकले आणि आत येऊन बायकोला सांगितलं, "शेड मोकळी केली."

"गाडी दिलीत की काय?" बायको दचकून म्हणाली.

"छे! गाडी कशी देईन? त्या गंजक्या रिम दिल्या."

"मग ठीक आहे."

ठीक नव्हतं, पण ते दोघांनाही माहीत नव्हतं. सर शाळेत भूमिती शिकवायचे आणि बायको घरी बिस्किटं भाजून ऑर्डरी पुऱ्या करायची. मोडक्या रिमचा सुद्धा काही उपयोग असतो हे त्या दोन्ही धंद्यांत कुणी शिकवत नाही.

आता गाडीविषयी. ती मूळची सासऱ्यांची. साय लागलेल्या दुधासारखा रंग, दार बंद करताना खांद्याने ढकलावं लागायचं, आणि पुढच्या काचेवरचा वायपर फक्त डावीकडचं पुसायचा. सासऱ्यांचे डोळे अधू झाले तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती थोरल्या मुलीच्या अंगणात आणून उभी केली. 'घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं' ही म्हण सरांना तेव्हाच आठवली होती, पण सासऱ्यांसमोर म्हणी आठवायच्या असतात, म्हणायच्या नसतात. गाडी आली, चार दिवस चालली आणि मग बसली ती बसलीच. इंजिन, बॅटरी, वायरी, सगळं मेकॅनिकने एकेक करून जिवंत केलं. शेवटी राहिल्या मागच्या दोन रिम. मागचा ॲक्सल विटांवर टेकवून मेकॅनिक गावाला गेला. गाव असं, की तिथे फोन लागत नाही.

आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, गाडी काय म्हणते?"

"उत्तम आहे, बाबा."

"उत्तम आहे म्हणजे उभी आहे. मला सगळं कळतं. हे बघा, रविवारी मी येतोय. मला शेजारी बसवून एक चक्कर मारून आणलीत तर गाडी तुमची. विटांवर दिसली तर धाकटे जावई घेऊन जातील. गाडी म्हणजे काय कोंबडी आहे, खुराड्यात बसवून ठेवायला?"

धाकटे जावई म्हणजे सरांचे साडू. सगळ्या नात्यागोत्यात त्यांना 'ड्रिलवाले' म्हणत, कारण त्यांच्याकडे स्वतःचं ड्रिल मशीन होतं आणि ते कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे. नळ, पंखा, कुलूप, शिलाई मशीन, त्यांना सगळं येत होतं. सरांना फक्त वर्तुळ येत होतं. गाडी साडूकडे गेली तर पुढची वीस वर्षं प्रत्येक कार्यात ती कशी सुसाट पळते हे ऐकावं लागणार, हे सरांना दिसत होतं. तरी तेवढ्यासाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला नसता. पण त्या संध्याकाळी ते शेडमध्ये गेले तर बायको गाडीत स्टीअरिंगमागे बसलेली. दिवा नाही, काही नाही, नुसती बसली होती. याच गाडीत, शेजारी बसलेल्या वडिलांच्या शिव्या खात ती चालवायला शिकली होती. सरांची चाहूल लागताच ती उतरली आणि म्हणाली, "काही नाही, सीट पुसत होते." हातात फडकं नव्हतं. गाडी जाऊ द्यायची नाही, मग काय वाटेल ते होवो, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात फोन लावला.

"मागच्या दोन रिम मिळतील का?"

"मिळतील की. जुनी एक घेऊन या, मापाला माप लावून देतो," दुकानदार म्हणाला.

सर थोडे खाकरले. "जुनी दिली."

"कुणाला?"

"भंगारात."

दुकानदार समजुतीच्या आवाजात म्हणाला, "असू दे. पुढचं एक चाक काढून आणा."

"पुढच्या चाकाला चार बोल्ट आहेत. मागे पाच दिसतायत."

"म्हणजे मागचा ॲक्सल दुसऱ्याच गाडीचा बसवलाय कुणीतरी. कुठल्या गाडीचा?"

ते सरांना कुठून माहीत असणार? बायकोने वडिलांना फोन करून आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "तो होय? कधीतरी लांब रस्त्यात गाडी बसली होती, तिथल्या एका माणसाने जे हाताला लागलं ते बसवून दिलं. का गं? काय झालं?" "काही नाही, सहज," असं म्हणून तिने घाईघाईने फोन ठेवला.

"मग एकच उपाय," दुकानदार म्हणाला. "पीसीडी मोजून सांगा."

"म्हणजे?"

"पाचही बोल्टांच्या मधोमधून जाणारं एक वर्तुळ आहे असं धरा. त्याचा व्यास. दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी रिम बसत नाही, आणि विकलेला माल मी परत घेत नाही. जमेल ना?"

वर्तुळाचा व्यास! सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ज्या माणसाने शेकडो मुलांना वर्तुळात पास केलं (आणि त्याहून जास्त मुलांना नापास केलं), त्याला हा प्रश्न! "अहो, हातचा मळ आहे," सर म्हणाले. तासाभरात मळ हातालाच नव्हे, कोपराला, कपाळाला आणि डाव्या कानाला लागला, हा भाग वेगळा.

सरांनी शाळेतून फळ्यावरची लाकडी पट्टी आणि हातभर लांबीचा लाकडी कंपास आणला. जुना बनियन चढवला आणि गोणपाट अंथरून ते मागच्या ॲक्सलशी आडवे झाले. समोर ज्यावर चाक बसतं तो लोखंडी ड्रम होता आणि त्यातून पाच बोल्ट बाहेर आलेले. चार असते तर समोरासमोरच्या दोघांतलं अंतर मोजलं की काम संपलं असतं. पण पाचात कुणीच कुणाच्या बरोबर समोर नसतो. (शाळेच्या स्टाफरूममध्येही पाचच खुर्च्या होत्या, आणि तिथेही कुणाचं कुणाशी सरळ नव्हतं.)

"पंचकोन!" सर गाडीखालून आनंदाने ओरडले.

"काय झालं? लागलं का कुठे?" बायको धावत आली.

"अगं, सुसम पंचकोन आहे! शेजारशेजारच्या दोन बोल्टांतलं अंतर मोजायचं, छत्तीस अंशांच्या साइनने भागायचं, झाला व्यास."

"मग मोजा की."

इथे भूमिती संपली आणि बोल्ट सुरू झाले. पुस्तकात बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. बोल्टाला दोन्ही असतात, वर आटे असतात, त्या आट्यांत जुना चिकटा असतो आणि मध्यबिंदू कुठे आहे हे बोल्टावर कुणी लिहिलेलं नसतं. शिवाय लाकडी पट्टी दोन बोल्टांवर एकदम टेकत नव्हती, मधे ड्रमचा उंचवटा यायचा. सरांनी एकदा मोजलं, एक उत्तर आलं. मान थोडी तिरकी करून मोजलं, दुसरं आलं. श्वास रोखून मोजलं तेव्हा तिसरं आलं, आणि शिंकही.

"किती आलं?" बायकोने विचारलं.

"एकशे सात आणि एकशे एकवीसच्या दरम्यान."

"नक्की?"

"दरम्यान असल्याचं नक्की."

दुकानदाराला हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, "सर, माझ्याकडे एकशे आठच्या आहेत, एकशे बाराच्या आहेत, एकशे चौदाच्या आणि एकशे वीसच्या आहेत. तुमच्या दरम्यानात अख्खं दुकान मावतंय."

शनिवार उजाडला. बायको एका दातांच्या डॉक्टरची ऑर्डर पोचवायला गेली होती. (हा डॉक्टर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला गोड बिस्किटं द्यायचा. धंदा कसा करावा हे त्याच्याकडून शिकावं.) सर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, फ्रिज उघडला आणि तिथेच थबकले. समोर बिस्किटांच्या पिठाचा मोठा, गुळगुळीत, थंडगार गोळा. सरांनी सहज त्यावर बोट दाबलं. बोटाचा ठसा उमटला. नखाची रेघसुद्धा दिसत होती.

शहाण्या माणसाला ज्या क्षणी कल्पना सुचते तो क्षण त्याच्या घरच्यांसाठी फार धोक्याचा असतो. सरांनी गोळ्यातला अर्धा भाग घेतला, पोळपाटावर जाडसर लाटला, बोल्ट फडक्याने पुसून घेतले आणि ती लाटलेली चकती अलगद ड्रमवर दाबली. मग हळूच सोडवली. अहाहा! पाच भोकं, एकसारखी, गोल, कडा कापल्यासारख्या. सरांना वाटलं, इतक्या वर्षांत फळ्यावर असा पंचकोन आपल्याला एकदाही काढता आला नाही.

(वाचकहो, त्या क्षणी बरोबर उत्तर सरांच्या हातात होतं. सरांनी तिथेच ते मोजलं असतं तर ही गोष्ट लिहायचं कारणच उरलं नसतं.)

सरांनी मोजायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पट्टी टेकवली की पीठ तिला चिकटायचं आणि उचलली की भोक लांबोळकं व्हायचं. एक भोक त्यांनी बोटाने परत गोल केलं, पण ते मनाला पटेना. शिवाय हे दुकानात न्यायचं म्हणजे टेम्पोतून हादरे बसणार. मऊ पुरावा कामाचा नाही, पुरावा कसा कडक पाहिजे. आणि कडक करायचं यंत्र तर समोरच होतं. सरांनी ओव्हन लावला.

सरांना या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की ओव्हनसमोर ते पाठीमागे हात बांधून परीक्षेला सुपरव्हिजन केल्यासारखे येरझारा घालत राहिले. घरभर खमंग वास सुटला. चकती बाहेर आली ती सोनेरी, टणक आणि भोकांसकट. थोडी मोठी दिसतेय का, अशी एक शंका त्यांच्या मनाला चाटून गेली, पण गरम वस्तू मोठ्याच दिसतात असं त्यांनी स्वतःला समजावलं. आता पट्टी चिकटत नव्हती. अंतर मोजलं, भागाकार केला. उत्तर आलं एकशे वीस! दशांश चिन्हानंतर शून्य! ज्या गणिताचं उत्तर पूर्णांकात येतं ते बरोबर असतं, असं सर वर्गात नेहमी सांगायचे. (ते खरं नाही. पण मुलांना धीर येतो.)

टॉवेलात गुंडाळलेलं बिस्किट सरांनी दुकानाच्या काउंटरवर ठेवलं.

"हे काय?" दुकानदाराने विचारलं.

"माप. एकशे वीस."

दुकानदाराने टॉवेल उघडला आणि भोकांत एकेक बोट घालून पाहिलं. "लोक पुठ्ठा कापून आणतात," तो म्हणाला, "तार वाकवून आणतात. एकाने तर बायकोची बांगडी आणली होती. बिस्किट पहिलंच." मग त्याने ते एकशे वीसच्या रिमवर ठेवलं. भोकावर भोक चपखल बसलं.

"बघा!" सर म्हणाले.

"बसतंय खरं," दुकानदार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता की काळजी, ते सरांना नीट कळलं नाही. त्यांनी तो आदर धरला. बरोबर आणलेले टायर रिमवर चढवून घेतले आणि दोन्ही चाकं व टॉवेलातलं बिस्किट टेम्पोत घालून शीळ वाजवत ते घरी आले. बायकोला म्हणाले, "उद्या सकाळी चढवू. चाक लावायला काय, पाच नट तर आहेत."

रविवारी सकाळी चहाच्या आधी सर शेडमध्ये गेले. चाक उचललं, बोल्टांवर नेलं. दोन बोल्ट भोकांत गेले. उरलेले तीन लोखंडाला टेकून थांबले. सरांनी चाक एक घर फिरवलं. आता वेगळे दोन गेले आणि वेगळे तीन अडले. दुसरं चाक लावून पाहिलं. तेही पहिल्याच्याच वळणाचं निघालं. बायको चहा घेऊन आली तेव्हा सर गोणपाटावर मांडी घालून बसले होते आणि चाक त्यांच्या मांडीवर होतं.

"बसत नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर मोजलं होतंत ना?"

मग सरांनी सगळं सांगितलं. फ्रिज, गोळा, ठसा, ओव्हन. बायको ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"तरीच म्हटलं, पिठाचा गोळा अर्धा कसा झाला! अहो, त्यात बेकिंग पावडर होती. बिस्किट फुगतं!"

"बिस्किट फुगेल. भोकं कशी फुगतील? भोकात असतं काय फुगायला?"

"भोकं नाही फुगत, पण ती एकमेकांपासून लांब नाही का जाणार?"

एवढी साधी गोष्ट! बायकोला आधी हसू आलं. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. मग हसता हसता तिने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तिचं हसू थांबलं. "नेतील आता ते," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात फाटक वाजलं.

सासरे काठी टेकत आत आले. मागोमाग साडू. एका खांद्यावर गाडी ओढायचा जाड दोर, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. त्यांनी सवयीप्रमाणे आधी भिंतीकडे पाहिलं. सासऱ्यांनी गाडीच्या खाली पाहिलं. डोळे अधू असले तरी विटा दिसायला चांगले डोळे लागत नाहीत.

सरांनी ठरवलं, आता लपवाछपवी नको. "बाबा, माप माझ्याकडून चुकलं. हिचा काही दोष नाही."

"हं," सासरे म्हणाले. ते फारसे रागावलेले दिसत नव्हते. उलट विटा बघून त्यांचा चेहरा जरा सैलच झाला होता, पण सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. "आधी चहा टाका."

चहाबरोबर बायकोने बिस्किटं ठेवली. सासऱ्यांनी हात लांबवला तो नेमका टेबलाच्या कडेला पडलेल्या मोठ्या चकतीकडे. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी एक तुकडा मोडून चहात बुडवला. "छान झालंय," ते चघळत म्हणाले, "पण वंगणाचा वास का येतोय?" बायकोने झडप घालून चकती उचलली.

इकडे साडूंनी दोर सोडला होता. पुढच्या बंपरला बांधला, मागे गेले, विटा पाहिल्या, परत पुढे आले. "सर, हिला ओढायचं तर मागे चाकं हवीत."

"हो ना."

"मग चाकं?"

सरांनी कोपऱ्यातल्या चाकांकडे बोट दाखवलं. साडूंनीही एक चाक लावून पाहिलं. त्यांचेही दोनच बोल्ट गेले. सरांना उगीच बरं वाटलं. "हात्तिच्या! एवढंच ना," साडू म्हणाले. "मी मोजतो." त्यांनी खिशातून पोलादी टेप काढला, खट्कन ओढला आणि ॲक्सलशी आडवे झाले. टेप आणखी दोनदा खट्कन वाजला.

"सर," खालून दबका आवाज आला, "हे पाच आहेत."

"हो."

"मग ह्याच्या समोरचा कुठला?"

"तिथेच तर गंमत आहे!" सरांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना आठवडाभर कुणीतरी विचारावा असं वाटत होतं. खिशातला खडू काढून त्यांनी फरशीवर पंचकोन काढला, भोवती वर्तुळ काढलं, कोनांना नावं दिली. साडूंनी शाळेत भूमितीकडे कधी वळून पाहिलं नव्हतं, पण आता पळायला वाव नव्हता, कारण ते अर्धे गाडीखाली होते. त्यांनी मोजलं, सरांनी भागलं, दोघांनी मिळून घाम पुसला. उत्तर एकशे सोळा आलं. साडूंनी ऐटीत दुकानात फोन लावला.

"असं मापच नसतं," दुकानदार म्हणाला. "तुमच्याकडे बिस्किटवाले सर आहेत का? त्यांना नमस्कार सांगा."

दोघं पुन्हा खाली शिरत होते इतक्यात हॉर्न वाजला. सर आणि साडू दोघांची डोकी एकदम ॲक्सलवर आपटली.

"बाहेर व्हा दोघं!" बायकोचा आवाज होता. ती स्टीअरिंगमागे बसली होती आणि शेजारच्या सीटवर काठी दोन गुडघ्यांत धरून सासरे. दोघं घाईने बाजूला झाले. साडूंनी पुढच्या चाकांना दोन दगड लावले.

इंजिन एका फटक्यात सुरू झालं. मेकॅनिकने तेवढं काम चोख केलं होतं.

"गिअर टाक," सासरे म्हणाले.

"बाबा, मागे चाकं नाहीत."

"म्हणून तर टाक. कुणाला धडकणार आहेस?"

तिने गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही, पण मागचे दोन उघडे ड्रम आपल्या पाच-पाच बोल्टांसकट गरगरा फिरायला लागले आणि स्पीडचा काटा झोपेतून उठल्यासारखा दचकत दचकत वर चढला.

"वीस झाले. आता दुसरा. क्लच पूर्ण दाब, पूर्ण! अर्धवट दाबू नकोस म्हणून पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"दाबलाय हो बाबा!"

"तिसरा टाक. आरसा बघ. हॉर्न दे, वळण आलं." आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून, भिंतीवर वाळत घातलेल्या टॉवेलला वळत असल्याची खूण केली. काटा चाळिसावर होता. "चाळीसच्या वर नको हं, मुली."

बायको पुढे बघत होती, समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे, दोन्ही हात स्टीअरिंगवर, आणि तोंडभर हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं हसताना सरांनी तिला फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्यांना खूप बरं वाटलं आणि आपल्याला हे आधी का सुचलं नाही याचं थोडं वाईटही. शेजारी साडू दोर गुंडाळत होते.

बऱ्याच वेळाने इंजिन थांबलं. सासरे उतरले, घामेजलेले, पण मुद्रा प्रसन्न. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ठरलं. गाडी इथेच राहणार."

सरांची छाती फुगली. "बाबा, तुमचा विश्वास मी वाया जाऊ देणार नाही. मेकॅनिक आला की बरोबर माप घेऊन, पुढच्या रविवारच्या आत चाकं..."

"अजिबात नाही!" सासरे इतक्या जोराने म्हणाले की सरांचं वाक्य अर्धवटच राहिलं. "जावईबापू, खरं सांगतो. डोळे असे झालेत की रस्त्यावर समोरून येणारं सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. चक्कर मारायची असं मी भर फोनवर म्हणून बसलो, आता शब्द कसा मागे घेणार? अख्खा आठवडा झोप नव्हती मला. देवा, चाकं बसू देऊ नकोस, म्हणत होतो. विटा दिसल्या तेव्हा जिवात जीव आला." त्यांनी गाडीच्या टपावर मायेने थाप मारली. "चाळीसने पळते आणि घर सोडून जात नाही. याहून चांगली गाडी असते का कुठे? दर रविवारी येत जाईन मी."

म्हणजे ज्या चाकांसाठी सर आठवडाभर वंगणात लोळले, ती बसू नयेत म्हणून सासरे आठवडाभर प्रार्थना करत होते, आणि सासऱ्यांची प्रार्थना फळाला यावी म्हणून सरांनी बिस्किट भाजलं होतं. सरांना हसावं की रडावं कळेना. पण बायको वडिलांच्या दंडाला धरून उभी होती, गाडी जागेवर होती, आणि दोर साडूंच्या खांद्यावर परत गेला होता. झालं ते बरंच झालं म्हणायचं.

"फक्त त्या खालच्या विटा भक्कम पाहिजेत," सासरे म्हणाले. "दर रविवारी एवढे हादरे बसणार. दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत ना? किती आहेत?"

निदान एवढं तरी आपल्या हातून घडावं म्हणून सर चटकन पुढे सरसावले आणि गुडघ्यावर बसले. "थांबा बाबा, मी मोजतो."

"नको!" तिघंही एकदम ओरडले, आणि विटा मोजायला साडू खाली वाकले.